तळं उलटतं म्हणजे काय?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, मिनेसोटात असतो. लहानपणी माझ्याबरोबर हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकायला यायचा. यंदा एप्रिलअखेर तिथल्या तळ्यावरचा बर्फ गेला तसा क्रॅपी मासा धरायला रोज पहाटे जाऊन बसला. तीन दिवस काही लागलं नाही. शेजारी म्हणाले, तळं उलटलंय. म्हणजे काय? आपल्याकडे होतं का असं?
— एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालं की पुन्हा हलकं होतं. म्हणून बर्फ वरच धरतो आणि हिवाळाभर तळाशी साधारण ४ अंशांचं पाणी पडून राहतं. बर्फ वितळून वरचं पाणीही ४ अंशांवर आलं, की वरच्या-खालच्या पाण्याच्या वजनात फरकच उरत नाही. मग नुसत्या वाऱ्यानं अख्खं तळं ढवळून निघतं. यालाच तळं उलटणं म्हणतात. तळाला प्राणवायू पोचतो, तळातलं कुजकं वर येतं. सगळीकडे पाणी सारखंच, त्यामुळे मासे एका जागी सापडत नाहीत. गारठ्यानं त्यांची भूकही मंदावलेली असते.

मुलाची खरी चूक पहाटेची. ती आपली सोलापूरची सवय, आपल्याकडे ऊन तापायच्या आत बसावं लागतं. तिथे उलट करायचं. दुपारी दोन-तीननंतर, उत्तरेच्या काठाला, उथळ आणि काळ्या गाळाच्या आडोशाच्या जागी बसायला सांगा. सूर्य दक्षिणेकडून तापतो, काळा गाळ ऊन धरतो. तिथलं पाणी दोन-तीन अंशांनी जरी कोमट झालं, तरी क्रॅपी तिकडे सरकतो. आमिष लहान ठेवावं आणि फार हलवू नये.

आपल्याकडे पाणी ४ अंशांपर्यंत उतरतच नाही, पण तळं उलटतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं तसंच साचून राहतं आणि त्यातला प्राणवायू संपत जातो. जूनमध्ये वादळी पाऊस झाला की वरचं पाणी एकदम गार होऊन खाली जातं आणि तळचं वर येतं. मोहोळ तालुक्यात माझ्या मामांच्या शेततळ्यात मी हे पाहिलंय. रात्री धो-धो पाऊस, सकाळी ढगाळ, आणि कटला-रोहू पृष्ठभागावर तोंडं वासून उभे. पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास. मामांनी मोटार लावून तळ्यातलंच पाणी दुपारपर्यंत वरून फवारलं. बरेच मासे वाचले, मोठे कटले मात्र गेले. मोठ्या माशाला प्राणवायू जास्त लागतो, त्यामुळे आधी तोच जातो. अशा सकाळी गळ टाकू नका. मासा श्वासासाठी धडपडत असतो, तो खात नाही.

आणि मुलाला एक सांगाच. तो विहिरीत पोहायला शिकलेला असला, तरी त्या पाण्यात होडीतून जाताना लाइफ जॅकेट घालायलाच हवं. इतक्या गार पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत बधिर होतात.