उसाच्या फडाशेजारी वर्ग सुरू करताना

प्रिय पोरी,

ऊसतोड कामगारांच्या अड्ड्यावर मुलांसाठी वर्ग सुरू करते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. अभ्यासक्रम काय ठेवू, असं विचारलंस. त्याआधीचं सांगतो. तुझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव गावच्या शाळेच्या पटावर टिकलं पाहिजे. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळ्या परत जातील, तुझा वर्ग उठेल. तेव्हा गावात त्याची जागा शाबूत नसेल, तर तुझी सगळी मेहनत फडातच राहील.

म्हणून पहिला आठवडा कोप्या, म्हणजे कामगारांच्या झोपड्या, फिरण्यात घाल. गाव, शाळा, इयत्ता, गुरुजींचा फोन वहीत उतरवून घे. निघताना शाळेनं शिक्षण हमी पत्रक (बाहेरगावी जाणाऱ्या मुलाला तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) दिलंय का, विचार. ते नसलं, दाखला नसला, तरी जवळच्या जिल्हा परिषद शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं असतं आणि दाखल्यावाचून अडवायचं नसतं. शाळा चालत जाण्याजोगी असेल तर पोरं तिथंच घाल, तुझा वर्ग संध्याकाळी भरव.

आता धाकट्या भावंडांचं. आईबाप पहाटेच कोयता घेऊन निघतात. मागे नऊ-दहा वर्षांची मुलगी राहते, कडेवर बाळ घेऊन. ती वर्गाच्या दारापर्यंत येते, उभ्या उभ्या पाढे ऐकते आणि बाळ रडलं की निघून जाते. गैरहजेरीवरून तिला बोलू नकोस. आढ्याला दोन झोळ्या बांध, अड्ड्यावरची एखादी आजी सोबतीला बसव. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला हेच केलं. शिक्षण आदिवासी पाड्यातल्या अंगणात नेलं, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरवली. मूल जिथं अडकलंय तिथं आपण जायचं.

ही मुलं खेप, टन, उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) ऐकतच वाढलेली असतात. टनाचा दर सांग, आठवड्याचे पैसे तोंडी सांगतील. तोच हिशेब वहीत मांडायचा म्हटलं की गप्प होतात. गणित तिथूनच धर. वाचन मात्र रोज, एकेकाला जवळ बसवून ऐक.

चौदा वर्षांपुढच्यांना ‘वय गेलं’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच, पण फिरत्या कुटुंबातल्या पोरांसाठी मला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) जास्त सोयीची वाटते. दहावीसाठी पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. एका हंगामात दोन विषय काढले तरी पोरगी पुढं सरकते. त्या वयात तिला कोयत्याला जुंपतात, नाहीतर लग्न उरकतात. हातात परीक्षेची तारीख असली की बापाशी बोलायला तिच्याजवळ काहीतरी असतं.

आणि आईबापांशी पुढच्या सालाचं आत्ताच बोल. हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर पोरं गावीच राहून शिकतात. ती मागणी दिवाळीआधी, मुकादमाची उचल घेतानाच शाळेकडे करायला हवी. गाडी भरल्यावर कुणाला सुचत नाही.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडचे काही मुख्याध्यापक माझ्या ओळखीचे आहेत. कोप्या फिरून झाल्या की गावांची यादी पाठव, मी त्यांना फोन करतो.

तुझा,
सर