नवा ४के टीव्ही, धुरकट चित्र, मुका साउंडबार: टीव्ही परत करू नका

ताई, तुमच्या तक्रारी तीन. जुळे सोलापुरातल्या घरी नवा ४३ इंची ४के टीव्ही आणला, पण फ्री डिशचं चित्र जुन्या डबा टीव्हीपेक्षाही धुरकट आणि चेहरे फुगलेले. साउंडबार एचडीएमआयने जोडला तर आवाजच नाही. आणि वळवाचा पाऊस आला की चॅनेल जातात. दुकानदार म्हणतो, महागातली केबल घ्या. तिन्ही दुखणी वेगवेगळी आहेत आणि पॅनलचं, म्हणजे टीव्हीच्या पडद्याचं, त्यात एकही दिसत नाही. खात्री करायची असेल तर टीव्हीतल्याच यूट्यूबवर एखादा ४के व्हिडिओ लावा. तो लख्ख दिसला की पॅनलची काळजी सोडा.

तुम्ही टाकलेल्या फोटोत फ्री डिशच्या सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-लाल-पांढरी वायर आहे. लाल-पांढऱ्या पिना उजव्या-डाव्या आवाजाच्या. चित्र सगळं एकट्या पिवळ्या पिनेतून येतं. उजेड आणि रंग एकाच तारेत कालवून पाठवायचे, याला कंपोझिट म्हणतात. टीव्हीला ते पुन्हा निवडून वेगळे करावे लागतात आणि ते कधीच पुरते वेगळे होत नाहीत. म्हणून बातम्यांच्या पट्टीतल्या बारीक अक्षरांच्या कडेला रंग ओघळल्यासारखा दिसतो.

ही आपली जुनी पाल पद्धत: ६२५ रेघा, त्यातल्या ५७६ चित्राच्या, सेकंदाला २५ चित्रं. तीही एका दमात नाहीत. एका फेरीत विषम रेघा, पुढच्या फेरीत सम, अशा सेकंदाला ५० फेऱ्या. आपल्या गावात हे मागावर रोज दिसतं. साध्या विणीत एकदा विषम तारा वर, धोटा जातो. मग सम तारा वर, धोटा परत येतो. दोन्ही मिळून कापड होतं. १०८०आय मधला ‘आय’ म्हणजे हीच विषम-समची विण, आणि १०८०पी मधला ‘पी’ म्हणजे सगळ्या रेघा एकाच फेरीत. एवढं कळलं की खोक्यावरचे निम्मे शब्द सुटतात.

आता हिशेब बघा. एसडी, म्हणजे साध्या जुन्या दर्जाच्या, चॅनेलचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे जास्तीत जास्त ४ लाख १५ हजारांच्या आसपास ठिपके. तुमचा पडदा ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. बरोबर २० पट. आलेल्या एका ठिपक्यामागे पडद्यावर २० जागा भरायच्या, बाकीचं टीव्ही अंदाजाने रंगवतो. जुन्या २१ इंची डब्यावर तेच चित्र नेटकं दिसायचं, कारण तिथे ताणायचं काही नव्हतंच.

फोटोत बॉक्सच्या मागे एचडीएमआयचं सॉकेट रिकामं दिसतंय. तिथून वायर टाका, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय किंवा १०८०पी निवडा. रंग ओघळणं थांबेल, अक्षरं सुधारतील. पण फ्री डिशवरचे बहुतेक चॅनेल एसडीच आहेत, एचडीएमआय लावल्याने त्यांचे एचडी होत नाहीत. आधीच सांगतो, म्हणजे नंतर हिरमोड नको. चेहरे फुगतात ते ४:३ चं चित्र १६:९ च्या पडद्यावर ओढल्यामुळे. तशा कार्यक्रमाला दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, माणसं माणसांसारखी दिसतील.

महागड्या केबलबद्दल मला मनापासून चीड आहे. एका दुकानाने मलाही सोन्याचा मुलामा दाखवून ‘रंग खुलतात’ म्हणून केबल विकली होती. घरी साध्या केबलशी अदलाबदल करून पाहिली, तसूभर फरक नाही. एचडीएमआयमधून आकडे जातात. केबल कमी पडली तर चमचमणारे ठिपके येतात, पडदा क्षणभर काळा होतो. रंग फिके होत नाहीत. दीड-दोन मीटरला साधी ‘हाय स्पीड’ केबल पुरते.

साउंडबारचं बघा. टीव्हीच्या ज्या सॉकेटवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलंय, त्याच एका सॉकेटमधून आवाज उलटा बाहेर जातो, आणि साउंडबारच्या बाजूलाही तसंच लिहिलेलं सॉकेट हवं. टीव्हीत ‘सीईसी’, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी सोय, चालू करा. कंपन्या त्याला आपापली नावं देतात. तरीही मुका राहिला तर आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ ऑटोवरून पीसीएमवर आणा. पुष्कळ वेळा गाठ इथेच असते: टीव्ही डॉल्बीत बांधलेला आवाज पाठवतो आणि साध्या बारला ती गाठ सोडता येत नाही. पीसीएम म्हणजे सुटा आवाज, तो कुणालाही वाजवता येतो. एआरसी नसेलच तर ऑप्टिकल वायर लावा. टीव्ही चालू असताना तिच्या मोकळ्या टोकाला तांबडा उजेड दिसला की टीव्हीकडून आवाज निघतोय.

पावसाचं मात्र वर गच्चीवर जाऊन बघावं लागेल. या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या, जोराचा पाऊस त्यांना शोषतोच. दहा मिनिटं चित्र गेलं तर तो दोष नाही. रिमझिमीतही जात असेल तर दोष छत्रीत, म्हणजे गच्चीवरच्या डिशमध्ये, आहे. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्या गच्चीवरून आग्नेयेला. त्या बाजूला कुणाची नवी टाकी किंवा लिंबाची फांदी आडवी आलीय का बघा. मग बॉक्स बंद करून एलएनबीची, म्हणजे छत्रीसमोरच्या लहरी पकडणाऱ्या डबीची, पिन फिरवून काढा. आतली तांब्याची तार हिरवट पडलीय का, बाहेरच्या जाळीचा एखादा केस तिला टेकलाय का, नीट बघा. तसं असेल तर टोक कापून नवी पिन बसवायची आणि वरून वॉटरप्रूफ टेप. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात, खरी ‘क्वालिटी’ची. ‘स्ट्रेंग्थ’ भरलेली आणि क्वालिटी शून्य असेल तर छत्रीचा नेम चुकलाय. नेम ठीक असूनही चॅनेल जात असतील तर वायरीवर संशय घ्या: बॉक्स एलएनबीला याच वायरीतून १३ ते १८ व्होल्ट देतो, आणि गंजलेल्या जोडात तो दाब गळतो.

आणि वळवाचं आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, बॉक्सचा प्लग काढाच, छत्रीची वायरही सोडवा. वायर तशीच राहिली तर गच्चीवरचा झटका बॉक्समधून एचडीएमआयने थेट नव्या टीव्हीपर्यंत पोचू शकतो.