कोकणात गुहा आणि आदिमानवाची चित्रं एकाच ट्रेकमध्ये बघता येतील का? सोबत १२ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीवाले बाबा आहेत

आधीच सांगतो, मध्य प्रदेशातलं भीमबेटका डोक्यात ठेवून येऊ नका. तिकडे गुहेच्या भिंतीवर रंगवलेली चित्रं आहेत. आपल्याकडे आहेत ती सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर, जांभ्या दगडात कोरलेली, म्हणूनच कातळशिल्पं म्हणतात त्यांना. मान वर करून काही सापडणार नाही, खाली बघत चालायचं. त्यामुळे गुहा आणि शिल्पं एकाच वाटेवर मिळणं कठीण, पण मध्यम चढ असलेला, फक्त शिल्पांचा एक ट्रेक आहे, कुडोपीचा.

कुडोपी मालवण तालुक्यात. मी कणकवलीकडचा, तीनदा गेलोय. वाडीतून वर सड्यावर यायला आम्हाला अर्धा-पाऊण तास लागला, तोही थांबत थांबत, वाट साधीच आहे पण जांभा खडबडीत, चप्पल घालून आलात तर शिव्या घालाल. वर माणसांच्या, प्राण्यांच्या आणि काही केल्या कळत नाहीत अशा आकृत्या आहेत, गावातले लोक त्यांना बावल्या म्हणतात, म्हणजे बाहुल्या. २०१२ मध्ये सतीश लळीत यांनी अभ्यासकांसमोर आणल्या, पण गुरं चारणाऱ्यांना त्या कधीपासूनच ठाऊक होत्या.

आता माझी फजिती. पहिल्यांदा गेलो ते एप्रिलमध्ये, भर दुपारी बाराला. डोक्यावर ऊन, सड्यावर एक झाड नाही, आणि मला काळ्या कातळाशिवाय काहीच दिसेना, मग वैतागून मोबाईल काढून रेंज शोधत उभा राहिलो तर सोबत आलेले वाडीतले आजोबा ओरडले, "रे झिला, बाजूक हो, बावलेच्या पायार उभो रवलंस मरे!" खाली बघितलं तर खरंच, बुटाच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन बोटं रुंद अशी चर गेली होती. सूर्य डोक्यावर असला की चरीत सावलीच पडत नाही, सगळं सपाट दिसतं. दुसऱ्या वेळी सकाळी सातला गेलो आणि तिरप्या उन्हात तोच सडा भरून गेला होता, पाय कुठे ठेवायचा हाच प्रश्न. म्हणजे एकतर सकाळी लवकर नाहीतर साडेचार-पाचनंतर. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि वाडीतलं कुणीतरी सोबत घ्याच, नाहीतर माझ्यासारखं होईल. बुटं काढून शिल्पाजवळ जा. आणि फोटो नीट यावा म्हणून खडूने रेघा मारणारे महाभाग भेटतात, तसं करू नका प्लीज, आणि मुलीला पण सांगा.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सडा दिसतो भारी, पण चरीत पाणी आणि कातळावर शेवाळ, बाबांसोबत तर विषयच नको.

गुहाच बघायची असेल तर कणकवली तालुक्यातलं कोळोशी. राज्य पुरातत्त्व विभागाने तिथल्या गुहेत उत्खनन केलंय आणि दगडी हत्यारं सापडलीत, म्हणजे शिल्पं कोरणारी माणसं राहायची कुठे या प्रश्नाच्या जवळ जाणारी जागा. पण जंगलातली वाट आहे आणि आत बघायला चित्रंबित्रं काही नाहीत, मुलीला आधी सांगून ठेवा नाहीतर हिरमोड होईल. दापोलीजवळच्या पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत, कोटजाई नदीकाठी, सुंदर जागा, पण ती बौद्ध आणि नंतर नाथपंथी, आदिमानवाशी संबंध नाही.

मुलगी विचारेलच हे किती जुनं. शेतीचं एकही दृश्य कुठे कोरलेलं नाही, प्राणी मात्र भरपूर, म्हणून ही शिकार करून जगणाऱ्यांची कामं, दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काही ठिकाणी गेंडा आहे. कोकणात गेंडा! तिला हे सांगा, मग ती कंटाळणार नाही. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणेला माणसाच्या आकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते, तेही करून बघू दे तिला. युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये कोकणातली जी ठिकाणं गेली त्यात कुडोपी आणि देवाचे गोठणे दोन्ही आहेत.

राहिले बाबा. गुडघा जास्तच दुखत असेल तर त्यांना कुडोपी चढवू नका, रत्नागिरीजवळ उक्षीला न्या, तिथे हत्ती आहे आणि गावाने त्याच्याभोवती कठडा बांधलाय, फार चालावं लागत नाही. नाहीतर राजापूर तालुक्यातलं कशेळी. तिथला हत्ती साधारण १८ बाय १३ मीटरचा, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत, मासेसुद्धा. उन्हं चढली की बाबांना तिथल्या कनकादित्याच्या, म्हणजे सूर्याच्या देवळात सावलीत बसवा, तिथून त्यांना उठवणं हेच काम होईल.