ब्रिक्स्टनच्या बाजारात पहिल्यांदा जाताना

दुकानात शिरल्याबरोबर आधी 'गुड मॉर्निंग' म्हण आणि मग भाव विचार. कॅरिबियन माणसांत याला फार मान आहे. जमैकाहून आलेली मंडळी १९४८ नंतर लंडनच्या या भागात स्थिरावली. त्यामुळे काउंटरवरच्या आजीबाईंना विचारलंस तर त्या भाजी निवडूनही देतील आणि कशी करायची तेही सांगतील. लाजू नकोस.

यॅम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. त्याचा कापलेला तुकडा वजनावर मिळतो. कापलेली बाजू अंगठ्याने दाबून बघ आणि मऊ लागली तर सरळ ठेवून दे. सोलताना हाताला तेल लाव, नाहीतर खाज सुटते. प्लँटेन, म्हणजे भाजीची केळी, तळायची असतील तर पिवळ्या सालीवर भरपूर काळे डाग असलेली घे. हिरवी घेतलीस तर काप करून कुरकुरीत तळ.

अकी, म्हणजे जमैकन स्वयंपाकातलं एक फळ, मात्र डब्यातलीच घे. कच्चं फळ विषारी असतं, त्यात धाडस नको. तिच्यासोबत शिजवायचा खारवलेला मासा रात्रभर भिजव, पाणी बदल आणि उकळून घे, तरच खारटपणा उतरतो.

स्कॉच बॉनेट मिरची फार जहाल. राजमा घातलेल्या नारळाच्या दुधातल्या भातात ती अख्खीच सोड, फुटू देऊ नकोस. वास उतरतो, तिखटपणा बेताचा राहतो.

आणि हो, 'गुंगो पीज'चा डबा नक्की उचल. ते तुरीचेच दाणे, आमटीला छान लागतात.