उतारा कोरा, पण जमीन मोकळी आहे का?

प्रश्न (मोहोळ तालुका): सोलर प्रकल्पासाठी मध्यस्थाने 500 च्या स्टॅम्पवर सही घेतली. जमीन अजून भाड्याने दिलेली नाही, पण 'कंपनीचं ठरेपर्यंत दुसऱ्या कुणाला विकणार किंवा देणार नाही' असं लिहिलंय. थोडा इसार दिला, कागदाची प्रत दिली नाही. सातबाऱ्यावर काहीच आलेलं नाही. काळजी करायची का?

त्याच गावातून दुसरा प्रश्न: बांधाला लागून असलेली ती जमीन मी घेणार होतो. ती अडकलेली आहे हे मला कळणार कसं?

उत्तर: मी वकील नाही. पण काळजी करायचीच.

सातबाऱ्यावर नोंद नाही, कारण असा कागद आपोआप तिथे जात नाही. नोंदणी न केलेला करार तुम्ही, मध्यस्थ आणि दोन साक्षीदार सोडले तर कुणालाच दिसत नाही. पण दिसत नाही म्हणून तो मेलेला नसतो. साठेखतासारख्या (पुढे विकून देण्याचं वचन देणाऱ्या) कराराने मालकी जात नाही, तरी समोरचा 'ठरल्याप्रमाणे करून द्या' असा दावा कोर्टात लावू शकतो. त्याला मुदत 3 वर्षांची. करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून. तारीखच नसेल तर तुम्ही नकार दिल्याचं त्याला कळेल तेव्हापासून. 'कंपनीचं ठरेपर्यंत' हे शब्द म्हणूनच मला सगळ्यात जास्त खटकले. दावण बांधली, पण सोडायचा दिवस लिहिला नाही.

आधी प्रत मागा, तीही रजिस्टर पोस्टाने, म्हणजे मागितल्याचा पुरावा राहील. मग वकिलाकडून अखेरची तारीख घालून घ्या: एवढ्या महिन्यांत भाडेकरार झाला नाही तर हा कागद रद्द. 'मजकूर कुणाला सांगणार नाही' अशी अट असेल तर ती काढायला लावा. जो करार बायकोला, भावाला, सोसायटीच्या सचिवाला दाखवता येत नाही, तो कशाला करायचा? सामाईक खातं असेल तर बाकीच्यांच्या सह्यांशिवाय पुढे जाऊ नका. आणि सोबत कुलमुखत्यारपत्रावर सही मागत असतील तर तिथेच थांबा.

प्रत्यक्ष भाडेकरार झालाच, तर लेखी आणि एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे सक्तीची आहे. नोंदणीनंतर फेरफार घालून 'इतर हक्क' रकान्यात नोंद करून घ्या. नोंदवलेल्या दस्ताने हक्क मिळाला असेल तर तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, वेगळी खबर देण्याची सक्ती नसते, तरी नोंद लागली का ते बघा. मध्यस्थ म्हणतात, 'कशाला खर्च?' खर्च कंपनीला करू द्या. भाव ठरवताना एक आकडा हाताशी असू द्या: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ ठरली. म्हणजे एकरी साधारण 50,000. प्रत हातात आली की त्यात भाड्याचा आकडा आहे का, ते आधी बघा.

आता बांधावरच्या भाऊंना. नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि गट नंबर टाकला की नोंदवलेले दस्त सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, दस्ताचा गोषवारा) मध्ये दिसतात. ते कुणालाही बघता येतं. नोंदवलेला करार 'मला माहीत नव्हता' म्हणून सुटता येत नाही. न नोंदवलेला मात्र यातही सापडणार नाही. त्यासाठी वकिलामार्फत सोलापूरच्या दैनिकात जाहीर नोटीस द्या, कुणाची हरकत असेल तर पुढे येईल. आणि 'याआधी कुणाशी कसलाही करार केलेला नाही, कुणाकडून इसार घेतलेला नाही' हे वाक्य विकणाऱ्याकडून खरेदीखतात लिहून घ्या. शेजारी आहे म्हणून लाजू नका.