वाचकांचे प्रश्न : गिअरबॉक्सची गळती

प्रश्न : माझा २००९ चा टाटा सोळा-तेरा ट्रक आहे. हंगामात ऊस, एरवी आडतीचं सोयाबीन. गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील दोनदा बदललं, तरी दोन-तीन महिन्यांत गळती पुन्हा सुरू होते. गाडी गार असताना टिपूस नसतो, लांबून आली की खाली डाग पडतो. आता मांजरसुंब्याच्या घाटात क्लचही घसरतो. मिस्त्री म्हणतात, गिअरबॉक्स उतरवून सगळी पॅकिंग बदलू. करावं का?
— वाहनमालक, औसा (जि. लातूर)

उत्तर : गिअरबॉक्स बहुधा उतरवावा लागेल, पण मागच्या सीलसाठी नव्हे, क्लचसाठी. तुमच्या गाडीला दोन वेगळ्या गळत्या असाव्यात, त्यामुळे त्या वेगवेगळ्याच तपासा.

आधी मागची. ‘गरम झाल्यावरच गळतं’ हे तुम्ही लिहिलंत, ते महत्त्वाचं आहे. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला टोपीसारखा छोटा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं तोंड, असतो. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल त्यावर बसतो, वरून ऑइलचा ओलावा लागतो आणि तो दगडासारखा बुजतो. बंद डब्यातली हवा ३० अंशांवरून ९० अंशांवर गेली की दाब सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. हे सील ऑइल अडवण्यासाठी असतं, दाब पेलण्यासाठी नव्हे. वाट मिळाली नाही की हवा सीलच्या ओठाखालून, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेखालून, ऑइल ढकलते. अशा वेळी नवं सील घातलं तरी तेच होणार. ब्रीदर खोला, रॉकेलमध्ये भिजवा, तोंडाने फुंकून पाहा. हवा सहज गेली पाहिजे. सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी मारताना तेवढी जागा झाकून घ्या.

मग लेव्हल. सपाट जागेवर, गाडी गार असताना बाजूचा लेव्हल प्लग खोला. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं हवं. ‘जरा जास्त असू दे’ म्हणून वरून भरलेलं ऑइल घुसळून फेसाळतं आणि बाहेरची वाट शोधतं.

एवढं करून गळती राहिली तर गिअरबॉक्स डिझेल-ब्रशने धुवा, पूर्ण कोरडा करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा. ओल जिथे सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे दिसेल, तिथूनच गळती आहे. खालचा डाग फसवतो, कारण वाऱ्याने ऑइल मागे पसरतं.

सील बदलायचंच ठरलं तर चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (दगड किंवा लाकडी ठोकळे) लावा. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा जॉइंट शाफ्ट सोडला की गिअरमध्ये उभी केलेली गाडीसुद्धा मोकळी होते, हे विसरून अपघात होतात. मागचा फ्लँज (हा शाफ्ट ज्याला जोडतात ती चकती) काढा आणि सील ज्या जागी घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे आणि दोनदा सील बदलूनही गळण्याचं कारण बहुधा तेच. उपाय तीन : नवा फ्लँज, खाचेवर बसणारी पातळ रिपेअर स्लीव्ह, किंवा जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर कमी खोल बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणणं. तिसरा उपाय स्वस्त आहे, मात्र एकदाच चालतो.

फ्लँज बसवलेला असताना, जॉइंट सोडून, तो वर-खाली हलवूनही पाहा. हाताला खेळ जाणवला तर मागचं बेअरिंग गेलं आहे. जॉइंटचा क्रॉस ढिला असेल किंवा शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं असेल तर शाफ्ट थरथरतो आणि कुठलंही सील टिकत नाही.

बसवताना सीलची स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे हवी. स्प्रिंगच्या खोबणीत थोडं ग्रीस भरा म्हणजे ठोकताना ती निसटत नाही. ओठाला गिअर ऑइल लावा. सीलच्या बाहेरच्या कडेएवढा पाइप ठेवून सरळ ठोका. एका बाजूने हातोडी मारली की पत्रा वाकतो. आणखी एक गोष्ट बरेच मिस्त्री सोडून देतात : ऑइल फ्लँजच्या आतल्या दात्यांमधून सरकत नटाजवळून बाहेर येतं, आणि दोष सीलवर जातो. नट आवळण्याआधी दात्यांच्या बाहेरच्या टोकाला आणि वायसरखाली सीलंटचा पातळ हात द्या.

आता क्लच. प्लेटवर ऑइल लागलं की तो घसरतो. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, तळाशी भोक असतं. तिथे ऑइल दिसलं तर ते पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्या. काळं आणि पातळ असेल तर ते इंजिनचं, म्हणजे क्रँकचं मागचं सील गेलं. पिवळसर, घट्ट, गंधकाचा उग्र वास येत असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं सील. हायड्रॉलिक क्लच असेल तर तिसरी शक्यता फ्लुइडची. ते पाण्यात विरघळतं, ऑइल तरंगतं.

पहिल्या दोन्हींपैकी काहीही निघालं तरी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि उतरवलाच तर दोन्ही सील एकदम बदला. मजुरी सीलच्या कित्येक पट असते. ऑइल प्यायलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत घालू नका. गरम झाली की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. पुढच्या कव्हरला ऑइल आत परतण्यासाठी भोक असेल तर कागदी पॅकिंग हाताने कापताना ते हमखास सुटतं, किंवा सीलंटने बुजतं. मग सीलपाशी ऑइल साचतं आणि नवं सीलही गळतं. पॅकिंग कव्हरवर धरून प्रत्येक भोक जुळवून पाहा. वजन पेलायला ट्रान्समिशन जॅकच वापरा. गिअरबॉक्स क्षणभरही इनपुट शाफ्टवर लोंबकळला तर नवी प्लेट वाकते.

ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच भरा. तिथे ८० डब्ल्यू-९० जीएल-४ असेल तर जीएल-५ घालू नका, त्यातली जास्तीची रसायनं सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगा खातात. गळती थांबावी म्हणून १४० नंबरचं जास्त घट्ट ऑइल किंवा ग्रीस घालणं तर नकोच. थंडीत गिअर पडत नाहीत आणि बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या ऑटोमॅटिक पिकअपखाली लाल ऑइलचे थेंब पडतात. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, बोल्ट आवळले की थांबेल.
— जालना

उत्तर : त्यांना आवळू देऊ नका. लाल म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं ऑइल, आणि खालच्या पॅनचे (ऑइल साठणाऱ्या पत्र्याच्या तबकाचे) बोल्ट बारीक असतात. बहुतेक गाड्यांत ते ८ ते १२ न्यूटन-मीटरवरच बसतात. लांब पान्याने आवळले की पॅनची कड भोकाभोवती दबते आणि मधल्या भागात फट वाढते. पॅन उतरवून कड सपाट लाकडावर ठेवून हलक्या हाताने सरळ करा, नवं पॅकिंग घाला, बोल्ट समोरासमोरचे घेत दोन टप्प्यांत आवळा. पॅकिंग रबराचं असेल तर त्यावर सिलिकॉन नको. त्याचा तुकडा सुटला तर फिल्टरमध्ये जातो.

पॅनच्या आधी रेडिएटरकडे जाणारे कूलरचे पाइप आणि गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील पाहा. तिथलं ऑइल ओघळून पॅनवरच येतं. निघालेलं ऑइल मोजून ठेवा, तेवढंच भरा. शेवटची लेव्हल पुस्तकात सांगितलेल्या तापमानाला, सांगितलेल्या पद्धतीनेच तपासा. बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून पाहतात. ऑइलही नेमकं त्याच ग्रेडचं लागतं, साधं गिअर ऑइल चालत नाही.

ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी तिथेच उभी करा. रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट ट्रान्समिशनमध्ये शिरलं आहे. त्याने क्लचच्या चकत्यांचं अस्तर सुटतं. गाडी ओढून नेऊ नका, फ्लॅटबेडवर चढवून न्या.

प्रश्न : दुकानात मिळणारी ‘गळती बंद’ची बाटली घालावी का?
— परभणी

उत्तर : त्यातल्या रसायनाने कडक झालेलं रबर थोडं फुगतं, म्हणून जुन्या सीलची बारीक पाझर काही काळ कमी होऊ शकते. फाटलेलं सील, खाच पडलेला शाफ्ट, बुजलेला ब्रीदर यांवर तिचा उपयोग नाही. ऑटोमॅटिकमध्ये घालू नका.