खिडकीतली ट्राम आणि बीअरमान यांचं 'तू'

प्रश्न : ताई, माझी मुलगी जर्मन शिकते. वर्गात त्यांना वोल्फ बीअरमान या गायकाचं 'एरमूटिगुंग' (म्हणजे 'धीर देणं') हे गाणं ऐकवलं. गाण्यांपायी त्यांच्या देशाने त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं, असंही सांगितलं. मुलीने मला अर्थ समजावला, पण त्यात सरकारविरुद्ध मला तरी काही दिसलं नाही. मग एवढं काय बिघडलं? आणि हे आपल्या शाहिरांसारखे होते का?
– एक वाचक, सांगली

तुमच्या प्रश्नाने मला माझ्या वर्गात नेऊन बसवलं. अठ्ठावीस वर्षं मी जर्मन शिकवलं आणि दर वर्षी या गाण्याच्या पहिल्याच शब्दाला थांबत आले. तो शब्द 'डू', म्हणजे 'तू'. कुणाला 'अहो' म्हणायचं आणि कुणाला 'अरे', हे मराठी मुलाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे तो 'डू' आपल्या मुलांना लगेच भिडतो. पुढचं क्रियापद 'फरहेर्टन'. शब्दकोश 'कठीण होणे' एवढंच सांगेल. मला तिथे 'निबर' हवा. मंडईत आपण भेंडीचं टोक मोडून बघतो ना? कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर निबर. निबर भेंडीही दिसायला हिरवीगार असते, आत मात्र नुसता दोरा. या कठीण काळात तू निबर होऊ नकोस, असं बीअरमान सांगतात. पुढे म्हणतात, कडवट होऊ नकोस, भेदरू नकोस, झिजून संपून जाऊ नकोस.

हे सांगणं होतं पेटर हूखेल या कवीला. हूखेल कम्युनिस्ट राजवटीच्या पूर्व जर्मनीतल्या एका नावाजलेल्या साहित्यिक नियतकालिकाचे संपादक. १९६२ मध्ये त्यांना त्या खुर्चीवरून घालवलं. मग पॉट्सडामजवळच्या गावात, घरावर पहारा आणि टपालावर डोळा अशा अवस्थेत ते राहिले. अशा माणसाला सगळ्यांदेखत 'तू' म्हणायचं आणि धीर द्यायचा, यातच सगळं आलं. त्याचं नाव कुणी उच्चारू नये, अशी सत्तेची इच्छा होती. तुम्हाला गाण्यात सरकार दिसलं नाही हे बरोबरच आहे. ते हूखेल यांच्या दारात उभं होतं.

आता बीअरमान यांच्याविषयी. जन्म हॅम्बुर्गचा, १५ नोव्हेंबर १९३६. वडील दागोबेर्ट गोदी कामगार, ज्यू आणि कम्युनिस्ट. नाझींनी १९४३ मध्ये त्यांना आउश्वित्झला मारलं. त्याच वर्षी जुलैत हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले, तेव्हा आई एमा सहा वर्षांच्या मुलाला घेऊन जळत्या वस्तीतून कालव्याच्या पाण्यात उतरली आणि तशी वाचली. १९५३ मध्ये लोक पूर्व जर्मनीतून पश्चिम जर्मनीला पळत होते. सोळा वर्षांचा हा मुलगा उलट, पश्चिमेतून पूर्वेला गेला. बापाचं स्वप्न तिथे खरं होतंय असं त्याला मनापासून वाटत होतं. बीअरमान यांना समजून घ्यायचं तर हे विसरू नका. त्या राज्याशी त्यांचं भांडण झालं ते घरच्या माणसाचं भांडण होतं. परक्या टीकाकाराला एखादं सरकार शत्रू म्हणून मोकळं होतं. पण 'तुम्ही स्वतःच्याच शब्दाला जागत नाही' असं घरातला कुणी गिटार घेऊन म्हणू लागला, तर त्याला काय उत्तर देणार?

उत्तर दिलं ते बंदीने. १९६५ मध्ये त्यांचा कवितासंग्रह पश्चिम बर्लिनमध्ये छापला गेला आणि त्याच डिसेंबरात सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय समितीच्या बैठकीनंतर त्यांचं गाणं आणि छापणं दोन्ही बंद झालं. पुढची अकरा वर्षं लोक त्यांची गाणी टेपवरून टेपवर उतरवत, हाताने लिहून काढत.

१९७६ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या धातुकामगारांच्या संघटनेने त्यांना बोलावलं आणि आश्चर्य म्हणजे जायची परवानगी मिळाली. १३ नोव्हेंबरला कलोनच्या क्रीडागृहात हजारो लोकांसमोर ते चार तासांहून जास्त गायले, बोलले. त्या राज्यावर टीका केली आणि त्याची बाजूही घेतली. तिसऱ्या दिवशी, १६ तारखेला, पूर्व जर्मनीने जाहीर केलं की हे आता आमचे नागरिक नाहीत. चाळिसावा वाढदिवस होऊन एकच दिवस उलटला होता. घर, माणसं, पुस्तकं, सगळं बर्लिनच्या भिंतीपलीकडे राहिलं.

दुसऱ्याच दिवशी क्रिस्टा वोल्फ, श्टेफान हाइम, हाइनर म्युलर अशा मोठ्या लेखकांनी फेरविचाराची मागणी करणारं पत्र काढलं. काही दिवसांत शंभराहून जास्त कलावंतांनी पाठिंबा दिला. कुणाची कामं गेली, कुणी देश सोडला. बीअरमान यांची सावत्र मुलगी नीना हागेन पश्चिमेत गेली आणि तिथे मोठी गायिका झाली. एका माणसाला बाहेर ठेवायला गेले आणि घरातली किती माणसं घालवून बसले!

४ नोव्हेंबर १९८९ ला पूर्व बर्लिनमध्ये लाखोंचा मोर्चा निघाला, तेव्हाही बीअरमान यांना सीमेवरून परत पाठवलं. ९ तारखेला भिंत उघडली आणि १ डिसेंबरला ते लाइपझिगमध्ये गायले. पुढे त्यांनी साम्यवादाचा हात कायमचा सोडला. त्यांची नंतरची काही राजकीय मतं मला अजिबात पटलेली नाहीत. तरी २०१४ मध्ये जर्मन संसदेत जे घडलं ते मला फार आवडतं. त्यांना गाण्यासाठी बोलावलं होतं आणि ते बोलायलाच लागले. सभापतींनी नियमाची आठवण करून दिली, तर म्हणाले, बोलायची सवय माझी पूर्व जर्मनीतसुद्धा सुटली नाही. मग हेच गाणं गायले.

शाहिरांसारखे का? निम्मं हो. अमर शेखांसारखा आवाजात निखारा आहे, लोकांच्या बाजूने उभं राहणं आहे. पण शाहिरासमोर मैदान असतं, मागे झील धरणारे असतात. बीअरमान यांच्यापाशी अकरा वर्षं फक्त एक खोली होती.

प्रश्न : मला जर्मन येत नाही. बीअरमान यांचं काय आधी ऐकू?
– एक वाचक, नाशिक

'शोसेश्ट्रासे १३१' ही १९६८ ची रेकॉर्ड. हे नाव म्हणजे पूर्व बर्लिनमधल्या त्यांच्या घराचा पत्ता. स्टुडिओ कुणी देणार नव्हतं, म्हणून गाणी घरातच टेप केली, टेप चोरून पश्चिमेला पोहोचवली आणि पत्ताच शीर्षक म्हणून छापला. मी कुठे राहतो ते तुम्हाला माहीत आहेच, असं जणू पहारेकऱ्यांना सांगितलं. याच रस्त्यावरच्या दफनभूमीत नाटककार ब्रेख्त आहेत. थोड्या अंतरावर ब्रेख्त यांचं राहतं घरही आहे.

माझ्या एका सहकाऱ्याने मला ही कॅसेटवर उतरवून दिली होती. पहिल्यांदा ऐकताना वाटलं कॅसेट खराब आहे, मागे काहीतरी घरघरतंय. मी ती काढून पेन्सिलीने गुंडाळली, पुन्हा लावली. घरघर तिथेच. मग कळलं, ती ट्राम आहे. खिडकीखालून जाते, आवाज वाढतो, विरतो, आणि ते गात राहतात. गिटार कधी थोपटतात, कधी ओरबाडतात. मध्येच आवाज फाटतो, तोही तसाच ठेवलाय.

हेडफोन लावून, रात्री ऐका. शब्द नाही कळले तरी चालेल. ट्राम येईल तेव्हा गाण्याचा वेग बदलतो का, तेवढं बघा. बदलत नाही.